पहिले रनिंग शूज घेताय? आधी कॅलेंडरच्या पानावर उभे राहा

दसरा झाला की आमच्या चाळीत कोणी ना कोणी मला जिन्यात गाठतंच. “शूज कुठले घेऊ गं?” जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांपुढे असते, ऑफिसच्या ग्रुपने ड्रीम रनला, म्हणजे तिच्यातल्या छोट्या हौशी धावेला, नावं दिलेली असतात आणि विचारणाऱ्याच्या मोबाइलवर पाच शूजचे फोटो आधीच तयार असतात. पाचांतला एक निवडून द्या, एवढंच मागणं. मी उलट विचारते, “तुझा पाय किती सेंटिमीटर आहे?” समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याचा पगार विचारला.

शूजचा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण पाय कोणी मोजलेला नसतो. बहुतेकांचा नंबर कॉलेजात असताना कधीतरी ठरतो. पुढे वजन वाढतं, बाळंतपणं होतात, पाय पसरतो, तरी नंबर तोच. मीही तेच केलं होतं. माझा नंबर पाच, म्हणून दादरच्या एका दुकानातून पाच नंबरचे शूज आणले. पुढे जरा टोचत होते, पण विक्रेता म्हणाला, “वापरून सैल होतील, ताई.” त्या शूजवर मी पहिली हाफ मॅरेथॉन धावले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली आणि डाव्या पायाचं नख होळीच्या आसपास निघून हातात आलं. दोन महिने चपलेवर काढले. चामड्याचा बूट वापराने सैल होतो हे खरं, पण रनिंग शूजचं वरचं कापड म्हणजे विणलेली जाळी, ती लांबीला वाढत नाही. दुकानात टोचतंय ते दहा किलोमीटरनंतर जास्तच टोचतं, कारण धावून पाय सुजतो.

म्हणून या लेखात ब्रँड शेवटी येतील आणि तेही थोडेच.

पाय मोजा, तेही संध्याकाळी

सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय वेगळा असतो. दिवसभर उभं राहून, चालून, लोकलमध्ये लटकून पाय किंचित फुगतो. धावतानाही तो असाच फुगणार असतो, म्हणून ऑफिसातून आल्यावर मोजा.

कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान घ्या, उलटं करा आणि भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवा. जे मोजे घालून धावणार तेच घाला. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. खूण दुसऱ्या कोणाला तरी करू द्या, कारण तुम्ही स्वतः वाकलात की भार सरकतो आणि माप चुकतं. पेन्सिल अगदी सरळ उभी धरायची. तिरकी धरली की तीन-चार मिलिमीटर तिथेच जातात. सगळ्यांत लांब बोटापाशी रेघ मारा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद जागी दोन्ही बाजूंना खुणा करा. दुसऱ्या पायाचंही असंच माप घ्या.

शेजारच्या वहिनींचे पाय मी असेच मोजले. उजवा २४.१, डावा २४.६ सेंटिमीटर. त्या स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे डावी चप्पलच नेहमी चावते ती यामुळे!” शूज मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचे. लहान पायाला जाड मोजा किंवा नाडी आवळणं पुरतं, मोठ्या पायाला मात्र इलाज नाही.

आता हे सेंटिमीटर दुकानातल्या नंबरात बसवायचे. आपल्याकडे नंबर सहसा यूके मापाचा असतो. त्यात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर आणि अर्धा नंबर म्हणजे चार, ज्वारीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा दाण्यावर नखाचं भवितव्य ठरतं. वर गंमत अशी की नंबर सगळीकडे सारखा नसतो. नायकी आणि एसिक्सच्या पुरुषांच्या आठ नंबरवर २७ सेंटिमीटर लिहिलेलं असतं, आदिदासच्या आठवर २६.५. म्हणून नंबर विसरा. शूजच्या जिभेच्या आत लेबल शिवलेलं असतं, त्यावर यूएस, यूके, युरोप यांच्या शेजारी सेंटिमीटरचा आकडा असतो. तो तुमच्या मोठ्या पायाच्या मापापेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त असलेला जोड आधी मागा. वहिनी पाचवरून थेट सहावर गेल्या. “एवढे मोठे? विदूषकासारखे दिसतील,” हे त्यांचं पहिलं वाक्य. कोणाला दिसले नाहीत.

रुंदीचं दुखणं

लांबीबद्दल निदान बोलतात तरी, रुंदीचं कोणी नावच काढत नाही. लहानपणापासून अनवाणी आणि चपलांत वावरलेला आपला पाय पुढून पसरट असतो, आणि परदेशी ब्रँडचे साचे बऱ्याचदा पुढून निमुळते. ही नुसती तक्रार नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यातही भारतीय पाय रुंद असल्याचंच दिसलं. लोक काय करतात, तर रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवतात. करंगळी मोकळी होते, पण टाच आत फुगडी घालायला लागते.

खरा उपाय रुंद साच्याचा शूज. पुरुषांत नेहमीची रुंदी ‘डी’, रुंद ‘टू ई’ आणि त्याहून रुंद ‘फोर ई’. बायकांत नेहमीची ‘बी’ आणि रुंद ‘डी’. खोक्यावर किंवा लेबलवर ‘वाइड’ असंही लिहिलेलं सापडतं. दुकानात हे जोड मांडलेले नसतात, विचारावं लागतं, कधी मागवून घ्यावं लागतं. ज्या बायकांचा पाय रुंद आहे त्यांनी सरळ पुरुषांच्या विभागात शिरावं. रंग काळा-निळा मिळेल, पण करंगळी दुवा देईल.

रुंदी तपासायची एक युक्ती मला फार आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि विक्रेत्याचं मतही लागत नाही. शूजमधला सुटा तळवा, म्हणजे इनसोल, बाहेर ओढा. जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर तो शूज तुमच्यासाठी नाही, ठेवून द्या. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी.

दुकानात

शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये जाऊ नका. तिथे विक्रेत्याला पाच गिऱ्हाइकं असतात आणि तुम्हाला बाकावर जागा नसते. लिंकिंग रोड असो, लोअर परळ असो की घाटकोपर, मधल्या वारी सहा-सातच्या सुमाराला गेलात की निवांत बघता येतं. सोबत तीन गोष्टी न्या: मापाचं ते पान, धावायचे मोजे आणि सध्याचे जुने शूज. दुकानातल्या पातळ मोज्यांवर शूज घालून पाहू नका.

मोज्यांचं इथेच उरकते. सुती मोजा घाम शोषतो आणि धरून ठेवतो, मुंबईच्या दमटपणात तो वीस मिनिटांत ओला फडका होतो आणि फोड येतात. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे मोजे घ्या. शूजइतका विचार नको, पण शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी घ्या.

दोन्ही पायांत घाला, नाड्या नीट बांधा, उभे राहा. बसून घातलेला शूज सगळ्यांनाच बरा वाटतो. मग क्रमाने बघा. पुढे सगळ्यांत लांब बोटासमोर हाताच्या अंगठ्याची रुंदी मावते का. आत बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवता येतात का. चवड्याच्या दोन्ही कडांना कापड ताणून फुगलंय का. फुगलं असेल तर अरुंद आहे. टाच उचलून चवड्यावर उभे राहा, टाच मागून निसटते का. घोट्याच्या हाडाला काठ घासतो का. शूज हातात घेऊन पुढून वाकवा, तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर नको.

मग धावा. हो, दुकानातच. लाजू नका, तुम्ही हजारो रुपये मोजणार आहात. मांडण्यांमधल्या गल्लीत चार फेऱ्या मारा, आणि जिना असेल तर दोन मजले उतरा. उतरताना पाय पुढे सरकतो, बोटं आदळत असतील तर तिथेच कळतं. मॅरेथॉनच्या रस्त्यावर पेडर रोडच्या चढाचं सगळे बोलतात, पण नखं जातात ती उतारावर.

एकाच वेळी दोन वेगळे मॉडेल घालून बघणं सर्वांत उपयोगी: डाव्या पायात एक, उजव्यात दुसरं, मग अदलाबदल. नुसतं “बरं वाटतंय” म्हणणारा माणूसही तुलनेला लागला की बोलायला लागतो. वहिनी तिसऱ्या जोडीला म्हणाल्या, “हा घातल्याचं विसरायला होतंय.” मी विक्रेत्याला सांगितलं, हाच बांधा. तो मात्र अजून मशीनकडे बोट दाखवत होता.

मशीन, कमान आणि घाबरवणारे शब्द

मशीन म्हणजे ट्रेडमिल आणि मागे कॅमेरा. अर्धा मिनिट धावा, मग पडद्यावर तुमचा घोटा आत कललेला दाखवतात आणि सांगतात, “तुमचं ओव्हरप्रोनेशन आहे, हा स्टॅबिलिटीवाला, म्हणजे आधाराचा शूज घ्यावा लागेल.” बऱ्याचदा तो दोन-तीन हजारांनी महाग असतो.

पाय टेकला की घोटा थोडा आत कलतो, यालाच प्रोनेशन म्हणतात. तो आजार नाही, जमिनीचा धक्का पचवायची शरीराची रीत आहे. ओल्या पायाचा ठसा घेऊन तळव्याची कमान सपाट की उंच ते पाहायचं आणि त्यानुसार शूज द्यायचे, अशी वर्षानुवर्षं पद्धत होती. अमेरिकेच्या लष्कराने, हवाई दलाने आणि मरीन कोअरने नव्या भरतीच्या जवानांवर ती तपासली. एका गटाला कमानीनुसार शूज दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे २०१५ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की धावणाऱ्याने आपल्या पायाला आरामाचा वाटणारा शूज निवडावा, शरीराला स्वतःची चाल कळते. वहिनींच्या “विसरायला होतंय”ला एवढ्या मोठ्या माणसाचा पाठिंबा आहे.

म्हणून सपाट पाय असला तरी, दुखणं नसेल तर, साधा न्यूट्रल, म्हणजे असा खास आधार नसलेला शूज आधी घालून बघा. काहींना आधाराचे शूज खरंच मानवतात. घालून जास्त बरं वाटलं तर जरूर घ्या, कॅमेऱ्याने घाबरवलं म्हणून घेऊ नका. गुडघा, नडगी किंवा टाच आधीपासून दुखत असेल तर शूजच्या दुकानाऐवजी फिजिओथेरपिस्टकडे जा. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवा शूज घालून धावू नका. चावलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते.

आणखी तीन शब्द कानावर पडतील. ‘ड्रॉप’ म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती मिलिमीटर उंच आहे ते. शून्यापासून बारापर्यंत असतो. कमी ड्रॉपने पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर भार येतो, जास्त ड्रॉपने गुडघ्यावर. नवख्याने आठ-दहाच्या आसपास राहावं, कारण रोजचे शूज साधारण तेवढेच असतात. ‘स्टॅक’ म्हणजे सोलची उंची. अलीकडे गाद्यांसारखे जाड सोल आले आहेत. त्यावर टणाटण उडायला मजा येते, पण आपल्या उंचसखल फुटपाथवर घोटा मुरगळण्याची भीतीही तेवढीच. आणि ‘कार्बन’. सोलच्या आत कार्बन फायबरची ताठ पट्टी असलेले शर्यतीचे शूज. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाच्या एलिऊड किपचोगेने १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं ते अशाच शूजमध्ये. त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या वर होता. आपण बसच्या मागे धावतो त्याहून तो दोन तास जोरात धावला. तुमच्या पहिल्या वर्षात त्या पट्टीचं काही काम नाही, शिवाय ते शूज लवकर संपतात.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक काका नेहमी ऐकवतात, “आमच्या वेळी कसले शूज, अनवाणी धावायचो. अबेबे बिकिला तर अनवाणी ऑलिंपिक जिंकला!” खरं आहे, इथिओपियाचा हा मॅरेथॉन धावपटू १९६० मध्ये रोमला तसाच जिंकला. पण १९६४ मध्ये टोकियोला तो पुन्हा जिंकला तेव्हा पायात शूज होते. काकांना हे सांगितल्यापासून ते माझ्याशी क्रिकेटवर बोलतात.

कुठे धावणार, आणि पावसाचं काय

मुंबईत धावायची जागा म्हणजे बहुतेक डांबर, काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक. मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा पट्टा, वरळी सी फेस, कार्टर रोड, पवई तलावाची कड, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला कान्हेरीकडे चढणारा रस्ता, सगळीकडे साधा रोड रनिंग शूज चालतो. नॅशनल पार्कात जायचं म्हणून डोंगरवाटांसाठीचा, खाचाखाचांचा ट्रेल शूज घ्यायची गरज नाही, वाट डांबरीच आहे. शिवाजी पार्कात आत मातीवर धावलात तर पायांना बरं, पण लाल धूळ जाळीतून आत जाते. मोजे पांढरे घेऊ नका. जुहूच्या वाळूत धावणार असाल तर जुने शूज न्या. खारं पाणी आणि वाळू नव्या शूजची वाट लावतात.

खरी परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत. पेव्हर ब्लॉकवर हिरवं शेवाळ धरतं, समुद्राकाठच्या फरशा गुळगुळीत होतात, आणि पहाटेच्या अंधारात दोन्ही दिसत नाही. म्हणून शूज उलटा करून बघा. तळाला रबर किती आहे? हलका करण्यासाठी काही शूजचा फेसाळ, म्हणजे फोमचा, मधला थरच खाली उघडा ठेवलेला असतो, रबराच्या दोन-चार चकत्या तेवढ्या चिकटवलेल्या. उन्हाळ्यात चालतो, ओल्या फरशीवर घसरतो. टाच आणि चवडा दोन्हीकडे सलग रबर असलेला घ्या. ट्रेल शूजच्या मोठ्या खाचा इथे उपयोगाच्या नाहीत, त्या चिखलात रुततात पण गुळगुळीत ओल्या फरशीवर त्यांचा थोडाच भाग टेकतो.

‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जाणारा शूज मुंबईच्या पावसासाठी कधीही घेऊ नका. थंड देशातल्या भुरभुर पावसात तो ठीक असेल. आपल्याकडे पाणी वरून, घोट्यातून आत शिरतं, आणि एकदा शिरलं की बाहेर जात नाही. प्रत्येक पायात कप-कपभर चहा घेऊन धावल्यासारखं होतं. त्यापेक्षा मोठ्या जाळीचा साधा शूज बरा, पाणी येतं तसं जातं.

पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून मात्र धावूच नका. झाकण उघडं असलेलं मॅनहोल दिसत नाही हे एक, आणि पायाला फोड किंवा जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती हे दुसरं. अशा पाण्यातून जावंच लागलं तर पाय साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. पालिका दर पावसाळ्यात हे सांगते आणि आपण दर पावसाळ्यात विसरतो.

पैसे

आता आले ब्रँड. आठवड्याला तीनदा तीन-चार किलोमीटर धावायचं असेल तर डेकॅथलॉनसारख्या ठिकाणचा तीन-साडेतीन हजारांचा, पायात नीट बसणारा शूज पुरतो. कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. पुढे रोजचं धावणं सुरू झालं की एसिक्स, नायकी, आदिदास, प्यूमा, सॉकनी, ब्रूक्स, होका यांपैकी जो पायाला मानवेल तो. साधारण सहा ते तेरा हजार. यांतल्या कुठल्याही नावाचा मी आग्रह धरत नाही, कारण एकाच ब्रँडचे दोन मॉडेल माझ्या पायाला दोन टोकांचे वाटले आहेत.

पैसे वाचवायचा सरळ मार्ग म्हणजे मागच्या वर्षीचं मॉडेल. या शूजच्या नावामागे आकडा असतो आणि तो वर्षा-दीड वर्षाने बदलतो. नायकीचा पेगासस १९८३ मध्ये आला, आता आकडे चाळिशीच्या पुढे गेलेत. नवा आला की जुन्याची किंमत बरीच उतरते, आणि फरक बहुतेक वेळा रंगाचा नि थोड्या फेसाचा असतो. जानेवारी आणि जुलैच्या सेलमध्ये बघा. पण ऑनलाइन सेलमध्ये तोच घ्या जो दुकानात घालून पाहिलाय, आणि परत घेतात का ते आधी वाचा.

फुटपाथवरच्या ‘फर्स्ट कॉपी’बद्दल दरवर्षी वाद होतो. दिसायला हुबेहूब असते हे मान्य. कॉलेजात मिरवायला घ्या, धावायला नको. नक्कल करणारा चिन्हाची आणि कापडाची करतो; आतल्या फेसाची कोणी करत नाही, कारण तो दिसत नाही. कामाठीपुऱ्याजवळच्या डेढ गल्लीत शुक्रवारी पहाटे जुन्या शूजचा बाजार भरतो, तिथे अस्सल मालही सापडतो. पण दुसऱ्याच्या पायाने दाबलेला सोल तुमच्या पायाला कसा बसणार? हौस म्हणून एकदा बघून या, रिकाम्या हाताने परत या.

घरी आणल्यावर

खोका आणि बिल लगेच टाकू नका. एक-दोन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर घालून फिरा. भांडी घासताना, फोनवर बोलताना. कुठे टोचलं तर बदलून मिळायची आशा तळ मळलेला नसेल तरच असते. पहिले दोन आठवडे छोटी धाव ठेवा, आणि शर्यतीच्या दिवशी कोरा शूज कधीही काढू नका.

टाच निसटत असेल तर शूज परत करायच्या आधी एक करून बघा. वरच्या टोकाला, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असतं जे सगळे रिकामं ठेवतात. नाडी समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या या शेवटच्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे कडेला एक छोटा फास तयार होतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खालच्या दिशेला ओढा आणि नेहमीची गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते, पुढची बोटं मात्र मोकळी राहतात. माझी निम्मी तक्रार या एका भोकाने मिटली.

ओले झालेले शूज उन्हात किंवा गॅसच्या शेगडीशेजारी ठेवू नका, उष्णतेने गोंद सुटतो. इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा, दोन तासांनी बोळे बदला. वॉशिंग मशीन नकोच. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरे. पावसाळ्यात रोज धावायचं तर दोन जोड लागतातच. दोन जोड आलटूनपालटून वापरण्याचा आणखीही फायदा असावा: लक्झेंबर्गमध्ये २६४ धावणाऱ्यांवर २२ आठवडे नजर ठेवली, तेव्हा एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांना दुखापती कमी झालेल्या दिसल्या. पण दुसरा जोड पहिला मानवल्यावरच.

आणि शूज साठवून ठेवू नका. माझ्या दिरांनी चांगले म्हणून ट्रेकचे बूट चार वर्षं पोटमाळ्यावर जपून ठेवले. राजगडच्या अर्ध्या वाटेवर सोल पावासारखा चुरत खाली पडला, उरलेला गड त्यांनी नाड्यांनी सोल बांधून चढला. काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं, ते हवेतल्या ओलाव्याने आतून विरत जातं. न वापरताही विरतं. मुंबईच्या हवेत तर हे व्हायला वेळ लागत नाही. रनिंग शूजच्या फेसाचं तसं नेहमी होत नाही, पण गोंद सुटतोच. सेलमध्ये तीन जोड घेऊन ठेवायचा मोह म्हणूनच आवरा.

शूज किती चालतात? साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर. आठवड्याला पंधरा किलोमीटर धावलात तर आठ महिन्यांत पाचशे होतात. वरून शूज नवाच दिसतो, मरतो तो मधला फेस. टाचेच्या बाहेरच्या कडेला रबर झिजणं साहजिक आहे, त्याने घाबरू नका. पण सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, शूज टेबलावर ठेवल्यावर एका बाजूला कलला, किंवा काही न बदलता नडगी नि गुडघे कुरकुरायला लागले की समजा. लक्षात राहत नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी इनसोलच्या खालच्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहिते. वहिनींच्या इनसोलवर तारखेखाली त्यांनी ‘२४.६’ हाही आकडा लिहून ठेवलाय.

निवृत्त झालेले शूज भाजी आणायला, गच्ची धुवायला वर्षभर सहज चालतात. त्यानंतरही सोल धड असेल तर ग्रीनसोलसारखी संस्था जुन्या शूजपासून चपला बनवून गरजूंना देते, त्यांच्याकडे पाठवा. फक्त दोन्ही शूजच्या नाड्या एकमेकांना बांधून पाठवा, नाहीतर जोडातला एकच पोचतो.